कॅम्परची कंपनी विकली गेली? आधी मोजपट्टी काढा

पॉप-अप कॅम्पर, म्हणजे छप्पर वर उचलून कापडी भिंतींचा तंबू होतो ती गाडीमागे ओढायची राहुटी. ती बनवणारी कंपनी दुसऱ्याने घेतली की कॅम्परच्या मालकाला पहिली धास्ती सुट्या भागांची पडते. ती अर्धीच खरी. अॅक्सल, बेअरिंग, टायर, फ्रिज, शेगडी, विंच (दांड्याने फिरवून वायर गुंडाळणारं चाक) यांतलं बहुतेक काहीच त्या कंपनीने बनवलेलं नसतं. ते बाहेरून आणून बसवलेलं असतं आणि त्यावर मूळ बनवणाऱ्याचा नंबर असतो. कंपनीचं स्वतःचं असं तीनच गोष्टींत सापडतं: छप्पर उचलण्याच्या यंत्रणेची मांडणी, कापडाचा कट, आणि छपराचा साचा त्याच्या रबरी कडांसह. वेळ आणि पैसा या तिघांवर घाला.

बातमी कळल्याच्या आठवड्यात

नवा मालक वेबसाइट बदलतो तेव्हा सगळ्यात आधी जुन्या मॉडेलांची पानं जातात. मालकपुस्तिका, सुट्या भागांची यादी, वायरिंगचा नकाशा, जे मिळेल ते उतरवून घ्या आणि कागदावरही छापून ठेवा.

मग पुढच्या दांडीवरचा सतरा अक्षरांचा चासी नंबर काढा. प्लेट गंजली असेल तर त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा, अक्षरं उमटतात. भाग मागताना हा नंबर द्यायचा, गाडीवरचं नाव नव्हे. अमेरिकेत फ्लीटवुडने १९८९ मध्ये कोलमनचा फोल्डिंग ट्रेलरचा धंदा घेतला, पण गाड्यांवर नाव कोलमनच राहिलं. फ्लीटवुड २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि कोलमन हे नाव पुढे वेगळ्याच कारखान्याच्या ट्रेलरवर दिसू लागलं. अशा वेळी नुसतं ‘कोलमनचा पार्ट’ म्हणून मागवलं की चुकीची वस्तू हातात पडते.

आता खाली वाका आणि प्रत्येक भागावरच्या प्लेटचा फोटो घ्या. बेअरिंगचा नंबर कडीवरच कोरलेला असतो. साडेतीन हजार पौंडी अमेरिकन अॅक्सलवर बहुधा बाहेर एल ४४६४९ आणि आत एल ६८१४९ निघतं. मडगाव-म्हापशातल्या बेअरिंगच्या दुकानात हा आकडा सांगितला की पुरे, कॅम्पर काय असतो ते समजावत बसावं लागत नाही. कपलर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या बॉलवर बसणारं तोंड, मात्र मोजा. आपल्याकडे आणि युरोपात बॉल ५० मिलिमीटरचा, अमेरिकन दोन इंची म्हणजे ५०.८. अमेरिकन कपलर ५० च्या बॉलवर बसलेला दिसतो, पण आत झिजलेला असेल तर खड्ड्यात उडी मारून सुटू शकतो.

उचलण्याची यंत्रणा

विंच फिरवला की एक जाड वायर ओढली जाते, तिच्यामागून चार बारीक वायरी कप्प्यांवरून चार कोपऱ्यांत जातात आणि एकात एक सरकणाऱ्या नळ्या छप्पर वर नेतात. खाऱ्या वाऱ्यात पहिली जाते ती बारीक वायर, तीही कप्पीखालून, जिथे डोळा पोचत नाही.

छप्पर पूर्ण वर असताना चारही कोपऱ्यांची जमिनीपासूनची उंची मोजून लिहून ठेवा. गाडी सपाट उभी हवी. पुढे कधी एक कोपरा दोन सेंटिमीटर खाली दिसला तर त्या बाजूची वायर ताणली आहे किंवा तिचे पदर तुटू लागले आहेत असं धरून चाला. जुन्या फडक्याने वायर पुसत जा. फडकं जिथे अडकेल तिथे तार तुटलेली आहे. हे काम उघड्या बोटांनी करू नका.

वायर बदलायची तर आधी चारही कोपऱ्यांत लाकडी टेकू लावा आणि भार त्यांच्यावर आल्यावरच विंच सैल करा. जुनी वायर दुकानात न्या, पण लांबी घरी मोजा, कारण गाठोडं केलेली वायर काउंटरवर नीट मोजली जात नाही. सात गुणिले एकोणीस, म्हणजे एकोणीस तारांचे सात पदर, अशी रचना मागा. जेटीजवळच्या बोट-सामानाच्या दुकानात एक गुणिले एकोणीसही असते. ती ताठ, शिडाच्या ताणाला योग्य, कप्पीवर काही महिन्यांत मोडते. ३१६ स्टेनलेस गंजायला जवळजवळ तयार नसतं, पण त्याच जाडीत गॅल्व्हनाइझ्डपेक्षा थोडं कमजोर असतं आणि लहान कप्पीवर लवकर थकतं. आमचं मत: समुद्रापासून पाच-सात किलोमीटरच्या आत गाडी असेल तर स्टेनलेस, पण मूळ मापाच्याच कप्प्यांसह आणि दर वर्षी फडकं फिरवून. टोकाला दाबून बसवलेली फेरूल (धातूची टोपी) हवी. नट आवळायची क्लिप नळीत शिरतच नाही.

आणि विंच. ब्रेक असलेल्या विंचमध्ये दातेरी चाकाशेजारी घर्षणाच्या चकत्या असतात. छप्पर चढवताना जो टकटक आवाज येतो तो तिथलाच. गंज दिसला म्हणून हौसेने तिथे ग्रीस किंवा तेल मारलं की ब्रेक घसरतो आणि दांडा मनगटावर आपटतो. ग्रीस फक्त दात्यांना आणि बुशला. चकतीवर गेलंच तर चकत्या बदला, नुसतं पुसून भागत नाही. छपरावर सायकल, कयाक किंवा साचलेलं पाणी असताना उचलू नका. हिशेब छपराच्या वजनाचाच धरलेला असतो.

नवा मालक जुन्या मॉडेलची वायर अजून विकत असेल तर एक पूर्ण संच, एक दांडा आणि छपराच्या चार कड्या आत्ताच घेऊन ठेवा. बाकीचं ढीगभर साठवण्यात अर्थ नाही.

कापड

इथे गोव्याचा पाऊस खरा शत्रू. ओलं कापड घडी घालून बंद केलं तर दोन दिवसांत काळे ठिपके येतात. पावसातून आलात तर घरी पोचताच उघडा, छपराखाली पंखा लावा. काळ्या ठिपक्यांवर ब्लीच मारू नका. ब्लीच ठिपका पांढरा करतं, पण सोबत शिवणीचा दोरा आणि पाणी अडवणारा लेप खातं. मऊ ब्रश, साधं पाणी, मग पूर्ण सुकल्यावर नवा लेप.

कापड फाटण्याची वाट बघू नका. जुनं कापड धड असतानाच एकदा काढा, प्रत्येक तुकड्यावर मार्करने क्रमांक आणि ‘वर’, ‘आतली बाजू’ असं लिहा, मग कोपरे-शिवणी मोजून फोटो घ्या. ताडपत्री आणि शामियाने शिवणारा कारागीर हे शिवू शकतो, साचा मिळाला तर. त्याला सांगायचं ते एवढंच: दोरा बाँडेड पॉलिएस्टर, सुई ११० नंबर, टाका चार ते पाच मिलिमीटर, शिवण दुहेरी दुमडून. सुती दोरा नको, कुजतो.

किनारीत घातलेली दोरी अॅल्युमिनियमच्या खाचेत सरकते. तिची जाडी कॅलिपरने मोजा, कापडासकट. पाचच्या खाचेत सहा मिलिमीटरची किनार अर्ध्या वाटेत अडकते, आणि ओढली की फाटते. सुती मिश्रणाचं नवं कापड पहिल्या पावसात शिवणीतून थेंब सोडतं. घाबरू नका: उभारून पाइपने दोन-तीनदा भिजवा आणि सुकवा, धागे फुगून भोकं बुजतात.

रबर आणि छप्पर

छपराच्या कडेचं रबर कंपनीकडून मिळालं नाही तरी त्याच्याच आकाराचं मिळतं. जुन्या रबराचा पाच सेंटिमीटर तुकडा धारदार पातीने सरळ कापा, कापलेल्या तोंडावर शाई लावा आणि कागदावर शिक्का मारा. हा शिक्का मापाला एकास एक असतो. गाडीच्या दाराचं रबर मीटरवर विकणाऱ्याला तो दाखवा. फायबरच्या छपरावरच्या बारीक भेगा पावसाळ्याआधी बुजवा, आणि नारळाखाली गाडी उभी करू नका. हे सांगायची गरज नसावी, पण असते.

मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते. त्या काळात ट्रॉलर दुरुस्तीला काढलेले असतात, वेल्डर आणि फायबरवाले मिळत नाहीत. ही कामं मे संपायच्या आत उरका.

वीज आणि गॅस

अमेरिकन कॅम्पर ११० व्होल्टचा असतो. त्याची मुख्य वायर आपल्या २३० च्या सॉकेटला लावलीत तर कन्व्हर्टर (११० व्होल्टचे बारा व्होल्ट करणारा डबा) जळतो. बारा व्होल्टच्या वायरिंगला हात लावायची गरज नाही, चार्जर तेवढा २३० चा बसवा. गॅस-नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी बदला. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून गॅसच्या कप्प्याचं तळाचं छिद्र कधी बुजवू नका.

वॉरंटी कोणाकडे

कंपनी जशीच्या तशी, शेअर विकून, दुसऱ्याच्या हातात गेली असेल तर देणी त्याच कंपनीवर राहतात आणि तुमची वॉरंटी चालू राहते. पण नुसती मालमत्ता विकली, म्हणजे साचे, माल, नाव वगैरे, तर आधी विकलेल्या गाड्यांची जबाबदारी नव्या मालकाने घेतली आहे की नाही हे करारावर ठरतं. त्यालाच ईमेलने विचारा: ‘अमुक चासी नंबर, अमुक तारखेला खरेदी, वॉरंटी तुम्ही पाळणार का?’ फोनवरचं आश्वासन कामाला येत नाही.

भारतीय कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली असेल तर जाहीर सूचनेत दावा करायची शेवटची तारीख असते. ती चुकवू नका. त्या काळात कंपनीविरुद्धचे दावे स्थगित राहतात. विक्रेता वेगळा असेल तर त्याच्यावर ग्राहक म्हणून वेगळी तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि उत्तर व दक्षिण गोवा दोन्ही जिल्ह्यांत ग्राहक आयोग आहे. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करा, फुकट आहे.

आरटीओकडे मात्र कंपनीच्या मालकबदलाने काही बदलत नाही. नोंदणी पुस्तकात बनवणाऱ्याचं जुनं नाव तसंच राहू द्या. पण भाग मिळत नाही म्हणून अॅक्सल बदलून गाडीची भारक्षमता वाढवलीत, तर आधी परवानगी घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मूळ बनावटीपेक्षा वेगळं करणं चालत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी तेच पुढे करते.