गाणं फाइलमधून कानापर्यंत: वाटेत काय हरवतं आणि ते कसं वाचवायचं

आवाज मनासारखा येत नाही म्हटलं की पहिला संशय फाइलवर जातो. एमपी3 (आवाजाचा काही भाग गाळून लहान केलेली फाइल) आहे म्हणून असेल, फ्लॅक (काहीही न गाळता दाबलेली फाइल) घ्यायला हवं, 24 बिटचं घ्यायला हवं. खरं तर बहुतेक वेळा फाइल बऱ्यापैकी असते आणि गडबड पुढच्या वाटेवर झालेली असते: ॲपच्या सेटिंगमध्ये, ब्लूटूथमध्ये, कानात सैल बसलेल्या रबरी टोपीत. म्हणून नवीन काही विकत घेण्याआधी ही वाट एकदा तपासा.

ॲपमधल्या तीन वेगवेगळ्या कळा

स्ट्रीमिंग ॲपमध्ये गुणवत्तेची सेटिंग सहसा एक नसते. वायफायसाठी एक, मोबाइल डेटासाठी दुसरी, डाउनलोडसाठी तिसरी. पहिली वाढवून लोक निश्चिंत होतात आणि प्रवासात डाउनलोड केलेली गाणी कमी दर्जाचीच ऐकत राहतात. तिन्ही बघा. ‘ऑटोमॅटिक’ असेल तर नेटवर्क मंदावलं की ॲप न सांगता दर्जा खाली आणतं, म्हणून नेमका पर्याय निवडा. डाउनलोडचा दर्जा बदलल्यावर आधी उतरवलेली गाणी आपोआप बदलतीलच असं नाही; ती काढून पुन्हा उतरवा.

किती डेटा लागेल? 96 केबीपीएसला (म्हणजे सेकंदाला 96 हजार बिट) तासाला साधारण 43 एमबी, 320 केबीपीएसला 144 एमबी. सीडीचा आवाज म्हणजे सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक 16 बिटांचा, दोन चॅनल. हे होतात 1,411 केबीपीएस. फ्लॅक त्याची घडी घालून साधारण निम्म्या ते दोन तृतीयांश जागेत बसवतं आणि उलगडताना एकही बिट हरवत नाही. वायफायवर हे खुशाल वापरा. बसमध्ये, रस्त्यावर 320 आणि फ्लॅक यांच्यातला फरक भोवतालच्या गोंगाटात बुडून जातो.

इक्वलायझर, म्हणजे खर्ज आणि वरचे सूर वेगवेगळे कमीजास्त करायची सोय, बंद ठेवून सुरुवात करा. तो फोनच्या सेटिंगमध्ये, ॲपमध्ये आणि हेडफोनच्या स्वतःच्या ॲपमध्ये अशा तीन जागी असू शकतो. तिन्ही ठिकाणी खर्ज वाढवलेला असेल तर आवाज फाटणारच. वाढवण्यापेक्षा कमी करणं सुरक्षित: खर्ज हवा असेल तर बाकीच्या पट्ट्या 3-4 डेसिबल खाली आणा आणि मग एकूण आवाज वाढवा.

मोठा आवाज चांगला वाटतो, हाच मोठा घोटाळा

दोन फाइली, दोन हेडफोन किंवा दोन ॲप यांची तुलना करताना एकाचा आवाज अर्धा-एक डेसिबल जरी जास्त असला तरी कान त्याला ‘जास्त स्पष्ट’, ‘जास्त भरीव’ ठरवतो. फरक आवाजाच्या पातळीचा आहे हे जाणवत नाही, तो दर्जाचाच वाटतो. पातळी सारखी न करता केलेल्या तुलनेला काही अर्थ नाही.

याच कारणाने नॉर्मलायझेशनची, म्हणजे सगळी गाणी सारख्या पातळीवर आणायची, कळ समजून घ्यायला हवी. एलयूएफएस हे कानाला जाणवणारी सरासरी पातळी मोजायचं एकक. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे 14 एलयूएफएस आहे. त्याहून जोरात बनवलेलं गाणं ॲप तेवढं खाली आणतं. यात गाण्याचा लहानमोठेपणा चेपला जात नाही, अख्खं गाणं एकसारखं वरखाली होतं, म्हणून ही सोय चालू ठेवायला हरकत नाही. मात्र तिथला ‘लाउड’ पर्याय टाळा. त्यात लिमिटर (आवाजाची उंच टोकं दाबणारी सोय) चालतो आणि तबल्याची थाप, ड्रमचा ठोका बोथट होतो. शिवाय पूर्ण अल्बम ऐकताना पातळी अल्बमची धरायला हवी, गाण्याची नव्हे. नाहीतर मुद्दाम हळू ठेवलेलं गाणं शेजारच्या धडाकेबाज गाण्याइतकं मोठं होऊन बसतं. स्वतःच्या फाइलींसाठी हेच काम रिप्लेगेन (फाइलीतच पातळीची नोंद ठेवायची पद्धत) करतं. प्लेअरमध्ये ‘अल्बम गेन’ निवडा, सरमिसळ यादीसाठी ‘ट्रॅक गेन’.

ब्लूटूथ

फाइल कितीही शुद्ध असो, नेहमीचं ब्लूटूथ ती पुन्हा दाबूनच पाठवतं. दाबायच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात. एसबीसी कोडेक जास्तीत जास्त 328 केबीपीएसच्या आसपास वापरला जातो, एलडॅकमध्ये 330, 660 आणि 990 अशा पायऱ्या आहेत. कोडेक फोन आणि हेडफोन दोघांनाही यावा लागतो. आयफोन एएसी आणि एसबीसीच बोलतो, त्यामुळे डब्यावरचा एलडॅकचा शिक्का तिथे निरुपयोगी. ॲन्ड्रॉइडमध्ये ‘डेव्हलपर ऑप्शन्स’मध्ये चालू असलेला कोडेक दिसतो. 990 वर आवाज तुटत असेल तर 660 ठेवा. तुटक 990 पेक्षा अखंड 660 केव्हाही बरं.

आवाज एकाएकी जुन्या टेलिफोनसारखा, एकसुरी आणि घुसमटलेला झाला तर समजा की कुठल्यातरी ॲपने हेडफोनचा माइक उघडला आहे. अशा वेळी जोडणी संगीताच्या पद्धतीतून कॉलच्या पद्धतीत जाते: एकच चॅनल, 8 किंवा 16 किलोहर्ट्झचे नमुने. संगणकावर हे वारंवार घडतं. मीटिंगचं ॲप पूर्ण बंद करा, किंवा माइक म्हणून संगणकाचाच माइक निवडा. संगीत जागेवर येतं.

तार आणि कान

टाइप-सीला लावायचे जोडतुकडे दोन जातीचे असतात. एकात डिजिटलचा आवाज करणारी चिप असते, दुसऱ्यात फक्त तारा. तारांचा तुकडा मोजक्याच फोनवर चालतो, बाकीच्यांवर शांतता. विकत घेताना ‘डॅक’, म्हणजे ती चिप, असल्याची खात्री करा. दिसायला दोन्ही सारखेच असतात, ही खरी पंचाईत.

कानात घालायच्या हेडफोनचा खर्ज गायब असेल तर दोष बहुधा टोपीच्या मापाचा. फट राहिली की खालचे सूर बाहेर गळून जातात. खर्जाचं एखादं गाणं लावून टोपी बोटाने हलकी आत दाबा. खर्ज एकदम वाढला तर मोठं माप लावा. दोन्ही कानांना एकच माप लागेल असं मुळीच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा सुरक्षित हिशेब 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास असा आहे. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 83 ला 20 तास, 86 ला 10. गोंगाट दाबण्यासाठी आवाज चढवण्यापेक्षा नीट बसणारी टोपी वापरणं म्हणूनच शहाणपणाचं.

आपल्याला खरंच फरक कळतो का?

अंदाज नको, परीक्षा घ्या. चांगल्या फ्लॅकपासूनच 128, 192 आणि 320 चे एमपी3 बनवा. वेगवेगळ्या जागच्या फाइली घेतल्या तर मास्टरिंगच (गाण्यावरचा शेवटचा हात) वेगळं असू शकतं. फूबार2000 या संगणकावरच्या प्लेअरमध्ये एबीएक्सची (फाइल न सांगता ओळखायच्या परीक्षेची) जोड टाकता येते. ती पातळी जुळवते आणि समोर कोणती फाइल वाजते आहे हे लपवते. 16 फेऱ्या करा. 12 किंवा जास्त बरोबर आल्या तर निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी. 9-10 आल्या तर तुमच्या कानाला, त्या हेडफोनवर, त्या गाण्यात फरक कळला नाही, इतकंच. परीक्षेसाठी टाळ्या, चिपळ्या, झांजा असलेले 10-15 सेकंदांचे तुकडे निवडा. एमपी3 तीक्ष्ण आघातांवर अडखळतं. ठोक्याच्या किंचित आधी धूसर फुसफुस ऐकू येते. संथ गायनात ती सापडणं कठीण.

स्वतःचा संग्रह

ॲपमधलं डाउनलोड हे आपल्या मालकीचं नसतं. हक्कांचे करार बदलले की गाणं यादीतून करडं होतं, आणि स्पॉटिफायला 30 दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावंच लागतं. जे गाणं गमवायचं नाही त्याची फाइल जवळ हवी.

सीडी उतरवताना एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखा, ॲक्युरेटरिपशी (इतरांनी उतरवलेल्या त्याच सीडीच्या नोंदींशी) पडताळणारा प्रोग्राम वापरा आणि थेट फ्लॅक करा. फोनसाठी लहान फाइल त्यातूनच काढा. उलटा प्रवास, म्हणजे एमपी3 चं फ्लॅक, फक्त जागा खातो. असं वेषांतर केलेलं फ्लॅक ओळखायचं असेल तर स्पेक या, आवाजातल्या सुरांचा आलेख काढणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा: आलेख 16 किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखा थांबला तर मूळ फाइल बहुधा 128 ची. हळूहळू विरणारी कड मात्र जुन्या ध्वनिमुद्रणात स्वाभाविक आहे, तिच्यावर आळ घेऊ नका.

एकातून दुसऱ्यात अखंड जाणारी गाणी मधेच टचकन तुटत असतील तर एमपी3 च्या काठांवरची कोरी भर कारणीभूत असते. प्लेअरमध्ये गॅपलेस (मधे खंड न ठेवणारी सोय) चालू करा. क्रॉसफेड (एक गाणं विरताना दुसरं चढवणं) हा त्यावरचा इलाज नाही, तो गाण्याची टोकंच खातो.

टॅगमध्ये, म्हणजे फाइलीतल्या गाण्या-गायकाच्या नोंदीत, देवनागरी नावं लिहिणार असाल तर आयडी3 (एमपी3 च्या टॅगची पद्धत) ची 2.3 आवृत्ती आणि अक्षरांसाठी यूटीएफ-16 निवडा. जुनी पहिली आवृत्ती देवनागरी सांभाळत नाही, आणि प्रश्नचिन्हांची रांग दिसते ती बहुतेक त्यामुळेच. ‘अल्बम आर्टिस्ट’ भरायला विसरू नका, नाहीतर पाच गायकांचा एक अल्बम पाच अल्बम होऊन विखुरतो. नाव एकदा देवनागरीत, एकदा रोमन लिपीत असंही ठेवू नका.

प्रती तीन असाव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. फ्लॅकच्या आत मूळ आवाजाचा एमडी5 ठसा (आवाजाच्या बिटांवरून काढलेला ओळखीचा आकडा) साठवलेला असतो, त्यामुळे फाइल कुजली आहे का हे न ऐकताही तपासता येतं. वर्षातून एकदा ती तपासणी चालवा, आणि तीही नवी प्रत काढण्याआधी. नाहीतर कुजलेली फाइल धडधाकट प्रतीवर जाऊन बसते.