मूल घोरतंय आणि पाठांतर टिकत नाही? आधी त्याची पहाटेची झोप बघा

रात्री घडाघडा म्हटलेले पाढे सकाळी आठवत नाहीत, वर्गात चुळबुळ चालते, वहीत बाईंचा शेरा येतो. अशा मुलाला सहसा शिकवणी लावली जाते. पण ते आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरत असेल, तर शिकवणीच्या आधी झोप तपासायला हवी. ‘दमलंय, गाढ झोपलंय म्हणून घोरतंय’ ही समजूत चुकीची आहे.

साधारण दोन ते आठ या वयात घशातले टॉन्सिल आणि नाकामागच्या तशाच गाठी, म्हणजे अ‍ॅडिनॉइड, श्वासाच्या वाटेच्या मानाने मोठे असतात. झोपेत घशाचे स्नायू सैलावले की वाट अरुंद होते, श्वास अडतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन ती मोकळी करतो. हे रात्रभर चालतं, मुलाला पत्ताही नसतो. दिवसा शिकलेलं पक्कं करण्याचं काम मेंदू झोपेत करतो, आणि तीच झोप अशी तुटत राहते. मोठी माणसं मग दिवसा पेंगतात. मुलं बरेचदा उलट जास्त चंचल होतात, म्हणून दुखणं घशात असताना शिक्का ‘हट्टी’ किंवा ‘एडीएचडी’चा (लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचा) बसतो.

घरी काय बघाल

दोन आठवडे वहीत रोज लिहा: झोपल्याची आणि उठल्याची वेळ, घोरणं, तोंड उघडं होतं का, घाम, अंथरूण ओलं झालं का, सकाळी डोकं दुखलं का. आधी तास मोजा. 3 ते 5 वर्षांना दुपारच्या झोपेसह 10 ते 13 तास लागतात, 6 ते 12 वर्षांना 9 ते 12. तास कमी पडत असतील तर आधी ते भरून काढा. घोरणं मात्र त्याने थांबेलच असं नाही.

मग मोबाइलवर व्हिडिओ घ्या, आणि तो पहाटे चार-पाचच्या सुमारास. नेमकी चूक इथे होते. आईबाबा स्वतः झोपण्यापूर्वी, दहा-अकराला डोकावतात आणि सगळं ठीक वाटतं. मुलांमध्ये श्वास अडण्याचे प्रकार मुख्यतः स्वप्नांच्या झोपेत होतात, आणि ती झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते. पांघरूण बाजूला करा, छाती आणि पोट दोन्ही दिसू द्या, आवाजाचा पंखा थोडा वेळ बंद ठेवा, दहा मिनिटं चित्रण करा. पोट फुगताना छाती आत ओढली जाते का, दोन श्वासांइतका खंड पडून मग धाप लागते का, मान मागे टाकून झोपतं का, ते बघा. जागेपणी बोटाला ऑक्सिमीटर लावून काही कळत नाही. तेव्हा आकडा चांगलाच येतो.

डॉक्टरांकडे

वही आणि व्हिडिओ घेऊन बालरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. झोपेची तपासणी सांगितली, तर तिथे मुलांचे अहवाल वाचण्याचा अनुभव आहे का, हे विचारा. मोठ्यांमध्ये श्वास अडण्याचे तासाला पाचपेक्षा कमी प्रकार सामान्य धरतात, मुलांमध्ये एकच्या वर गेले तरी दोष मानतात. मोठ्यांचा निकष लावला की आजारी मूल ‘नॉर्मल’ ठरतं.

त्रास सौम्य असेल तर नाकातला स्टिरॉइड स्प्रे काही आठवडे देऊन बघतात. टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइड मोठे आणि त्रास जास्त असेल तर शस्त्रक्रिया करून ते काढतात. शांत झोपावं म्हणून सर्दीचं किंवा गुंगीचं औषध स्वतःहून देऊ नका. गुंगीने घसा आणखी सैल पडू शकतो.

अभ्यासाचं काय? अमेरिकेत 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पहिलीतल्या, अभ्यासात मागे असलेल्या 297 मुलांची तपासणी झाली. त्यातल्या 54 जणांत झोपेतल्या श्वासाचा दोष सापडला. शस्त्रक्रिया झालेल्या 24 जणांचे गुण पुढच्या वर्षी वाढले. मात्र याच शस्त्रक्रियेच्या 2013 च्या मोठ्या चाचणीत सात महिन्यांनी वागणूक आणि झोप सुधारली, तरी एकाग्रतेच्या चाचणीत ठळक फरक दिसला नाही. तेव्हा लगेच पहिल्या नंबराची अपेक्षा नको, आणि राहून गेलेला अभ्यास वेगळा भरून काढावा लागेल.

शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांपर्यंत तोंडातून ताजं रक्त आलं तर थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा पहाटेचा व्हिडिओ घ्या. वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये घोरणं उरण्याची शक्यता अधिक असते, आणि ते उरलं तर पुन्हा तपासणी लागते.