गालाचं हाड वाकडं जुळलंय? खड्डा भरायला जाण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात आंबे उतरवताना फांदी मोडते, पोफळीवरून पाय सुटतो, नाहीतर मुंबई-गोवा महामार्गावर दुचाकी घसरते. गालावर मार बसतो, डोळा काळानिळा होतो, चेहरा भोपळ्यासारखा सुजतो. पण डोळ्याने दिसतंय, दात जागेवर आहेत, म्हणजे थोडक्यात निभावलं असं घरात ठरतं. सूज पुरती उतरायला दहा-बारा दिवस लागतात आणि तेव्हा कुठे एका बाजूच्या गालाचा उंचवटा बसलेला दिसतो. तोवर उशीर होत आलेला असतो. ताजं मोडलेलं हाड पहिल्या दोन आठवड्यांत उचलून जागेवर बसवणं तुलनेने सोपं. तीन-चार आठवड्यांत ते चिवट होतं आणि दीड-दोन महिन्यांनी आहे त्या वाकड्या जागी पक्कं जुळतं. त्यानंतर हाडवैद्याने कितीही चोळलं, दाबलं, लेप लावला तरी ते तसूभर हलत नाही. तेल मुरतं ते कातडीत.

असं जुनं, वाकडं जुळलेलं हाड घेऊन जे लोक सहा महिन्यांनी किंवा सहा वर्षांनी डॉक्टरकडे जातात, त्यांच्या बहुतेक चुका एकाच समजुतीतून होतात: गालाला खड्डा पडलाय, तर तो भरून टाकू.

खड्डा दिसतो म्हणून खड्डाच भरणे

गालाचं हाड चार ठिकाणी जोडलेलं असतं. भुवईच्या बाहेरच्या टोकाशी कपाळाच्या हाडाला, खाली वरच्या जबड्याला, कानाकडे जाणाऱ्या पट्टीतून कानशिलाच्या हाडाला, आणि आत, बाहेरून न दिसणाऱ्या जागी, डोळ्याच्या खोबणीच्या बाहेरच्या भिंतीत स्फेनॉइड नावाच्या हाडाला. म्हणजे हे हाड गालाचं खरं, पण डोळ्याच्या खोबणीच्या बाहेरच्या भिंतीचा आणि तळाचा काही भागही त्याचाच. ते मागे आणि खाली सरकलं, फिरलं, की खोबण मोठी होते. डोळा आत ओढला जातो, कधी खालीही उतरतो. डोळ्याचा बाहेरचा कोपरा खाली येतो, चेहरा त्या बाजूने रुंद दिसतो. गालाचा खड्डा हा या सगळ्याचा फक्त एक तुकडा.

आता या माणसाने नुसता गाल भरून घेतला तर काय होतं? गाल पुढे येतो आणि मागे राहिलेला डोळा आणखीच खोल दिसायला लागतो. दोन मिलिमीटरच्या पुढे डोळा आत गेला की समोरच्याला ते कळतं, आणि गाल उंचावल्यावर जास्तच कळतं. पुढे कधी मुळातलं हाड हलवायचं ठरलं, तर आधी ते भरलेलं साहित्य आणि त्याभोवतीचे व्रण सोडवत बसावं लागतं.

भरण्याचे उपाय वाईट आहेत असं मुळीच नाही. डोळा जागेवर आहे, एकाचे दोन दिसत नाहीत, तोंड पूर्ण उघडतं आणि फक्त गाल थोडा चपटा आहे, अशा माणसासाठी तोच शहाणपणाचा रस्ता. पोटाची किंवा मांडीची चरबी काढून गालात भरता येते. मात्र तिच्यातला बराच भाग पुढच्या काही महिन्यांत विरून जातो, म्हणून दुसऱ्या खेपेची तयारी ठेवावी. सच्छिद्र पॉलिइथिलीन, पीक (PEEK) नावाचं कडक प्लास्टिक किंवा टायटॅनियमचा तुकडा तोंडाच्या आतून, वरच्या हिरडीच्या घडीतून हाडावर बसवता येतो. तो स्क्रूने धरलेला असावा, नुसता सारून ठेवलेला सरकतो. स्वतःचंच हाड वापरायचं तर कवटीच्या बाहेरच्या थराचं हाड कमरेच्या हाडापेक्षा कमी झिजतं. सुईने टोचायचं फिलर वर्ष-दीड वर्षात विरतं. ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. तेव्हा ते काम पार्लरमध्ये करून घेण्याचं नव्हे.

हाड गेलंय किती आणि कुठे, हे न मोजणे

आरशात समोरून बघून अंदाज चुकतो. खुर्चीवर बसा, मान थोडी मागे टाका आणि घरातल्या कुणाला तरी मागे उभं करा. त्याने दोन्ही हातांची पहिली बोटं दोन्ही गालांच्या सर्वांत उंच जागी ठेवायची आणि वरून खाली बघायचं. एक बोट दुसऱ्याच्या मागे राहिलेलं स्पष्ट दिसतं. तसाच फोटो वरून एक आणि हनुवटीखालून एक काढून ठेवा. अपघाताआधीचा फोटोही शोधा. आधारकार्डावरचा नको, लग्नाच्या अल्बममधला बरा. जन्मापासूनच कुणाचेही दोन गाल तंतोतंत सारखे नसतात, आणि सर्जनला मूळ चेहऱ्याकडे परत जायचं असतं.

डोळा किती आत गेलाय हे मोजण्याचं नेहमीचं यंत्र, हर्टेलचं, खोबणीच्या बाहेरच्या कडेवर टेकवतात. इथे ती कडच मागे सरकलेली असते. त्यामुळे आकडा फसवा येतो आणि डोळा प्रत्यक्षापेक्षा कमी आत गेलेला वाटतो. अशा वेळी सीटी स्कॅनवर मोजणं किंवा खोबणीच्या वरच्या-खालच्या कडेवर टेकणारं यंत्र वापरणं योग्य. रिपोर्टवर नुसता मिलिमीटरचा आकडा असेल तर तो कशाने मोजला हे जरूर विचारा.

स्कॅनच्या बाबतीत तीन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, साध्या एक्स-रेवर भागवणं. जुळलेल्या हाडाचं फिरणं त्यात नीट कळत नाही. दुसरी, जाड कापांचा स्कॅन. काप एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ हवेत, आणि आडव्या, समोरच्या व बाजूच्या अशा तिन्ही दिशांनी बघायला हवेत. तिसरी, घरी फक्त फिल्म नेणं. सीडी किंवा पेनड्राइव्हवर डायकॉम फाइली, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइली, मागून घ्या. त्यांच्याशिवाय संगणकावर नियोजन होत नाही आणि रत्नागिरीत केलेला स्कॅन मुंबईत पुन्हा करावा लागतो. थ्रीडी चित्र पाहून मात्र घाबरू नका. खोबणीचा तळ कागदासारखा पातळ असतो, त्या चित्रात तिथे भोकं दिसतात आणि दर वेळी ती खरी असतातच असं नाही. निर्णय घ्यायचा तो कापांवरून.

जुन्या रेषेवरच पुन्हा कापणे

डोळा आणि चेहऱ्याची रुंदी दोन्ही बिघडलेलं असेल तर खरा उपाय म्हणजे हाड पुन्हा कापून मोकळं करणं, पुढे-वर आणून टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रूंनी बसवणं. यासाठी कानापासून कानापर्यंत केसांत लपणारा छेद, तोंडाच्या आतला छेद आणि खालच्या पापणीच्या आतून वाट, अशा दोन-तीन वाटा लागतात. प्रत्येकीची किंमत असते: केसांतल्या व्रणावर केस विरळ होणं, भुवई उचलणाऱ्या नसेला धक्का, पापणी आत किंवा बाहेर वळणं. हे आधी कागदावर लिहून समजावलं गेलं पाहिजे.

ताज्या मोडीत तुकड्यांच्या कडा कोड्यासारख्या जुळवता येतात. जुन्या मोडीत तसं नसतं. कडा झिजून गोल झालेल्या असतात, काही भाग विरलेला असतो, मध्ये नवं हाड भरलेलं असतं. जुन्या रेषेवर कापून 'बसलं' म्हणावं तर हाड पुन्हा चुकीच्याच जागी बसतं. म्हणून निरोगी बाजूचं आरशातलं प्रतिबिंब संगणकावर आजारी बाजूवर ठेवतात, त्यावरून कवटीचं थ्रीडी प्रिंट काढतात आणि पट्ट्या ऑपरेशनआधीच त्यावर वाकवून घेतात. दोन्ही गाल मोडलेले असतील तर ही युक्ती चालत नाही. तिथे जुने फोटो आणि सरासरी मापं यांवरच भिस्त.

बसवताना सर्वांत भरवशाची खूण कोणती? खोबणीच्या आत बाहेरच्या भिंतीवर असलेला सांधा. भुवईजवळचा सांधा अगदी जुळला तरी हाड फिरलेलं राहू शकतं. आतली भिंत एका रेषेत आली की फिरणं सुटलं. दुसरी जागा म्हणजे कानाकडे जाणारी पट्टी. तिला कमान म्हणतात आणि त्या नावानेच घात होतो. मधल्या भागात ती जवळजवळ सरळ असते. ती कमानीसारखी वाकवून बसवली की चेहरा रुंद होतो आणि गाल मात्र पुढे येत नाही. हाड हलल्यावर राहणाऱ्या फटींत हाडाचे तुकडे भरावे लागतात. शेवटी गालाचा सुटलेला मऊ भाग वर ओढून हाडाला टाके घालून धरावा लागतो. ते राहून गेलं तर हाड जागेवर आणि गाल लोंबलेला.

हाड बसलं म्हणजे डोळा आपोआप बाहेर येईल, हीही एक समजूत. खोबणीचा तळ वेगळा तपासून जाळी किंवा पत्रा लावावा लागतो. जुन्या केसमध्ये आतली चरबी आणि व्रण आकसलेले असतात, म्हणून डोळा मुद्दाम किंचित जास्त पुढे ठेवतात. सूज उतरल्यावर तो मागे जातो. इतकं करूनही तो शंभर टक्के सारखा होईल असा शब्द कुणी देत असेल तर दुसरा सल्ला घ्या.

क्रम उलटा करणे

आधी हाड, मग खोबण, मग डोळ्याचे स्नायू, शेवटी पापणी आणि चरबी. एकाचे दोन दिसतात म्हणून आधी तिरळेपणाचं ऑपरेशन केलं आणि नंतर खोबण हलवली, तर पहिलं सगळं फुकट. हाडाचं काम झाल्यावर साधारण सहा महिने थांबून, दुहेरी दिसणं स्थिर झालं की स्नायूंकडे वळतात. सरळ समोर आणि खाली बघताना एकच दिसणं सर्वांत महत्त्वाचं. होडीतून धक्क्यावर पाय टाकणाऱ्याला किंवा माडावरून उतरणाऱ्याला खाली दोन पायऱ्या दिसून कसं चालेल?

गालाचा, वरच्या ओठाचा बधिरपणा वर्षभरानंतरही टिकून असेल तर ऑपरेशनने तो जाईलच असं धरू नका. काही दिवस वाढूही शकतो.

तोंड उघडत नाही, हे सांगायचं राहून जाणे

स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून दातांमध्ये उभी जात नसतील तर हे पहिल्याच भेटीत सांगा. आत दबलेली पट्टी खालच्या जबड्याच्या वर येणाऱ्या टोकाला अडते, कधी तिथे हाडच जुळतं. पट्टी उचलून किंवा ते टोक कापून वाट मोकळी करतात. भूलतज्ज्ञाला हे आधी माहीत हवं, कारण श्वासाची नळी नाकातून दुर्बिणीने घालावी लागू शकते. आणि ऑपरेशननंतर व्यायाम सोडला तर तोंड पुन्हा आखडतं. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड दातांमध्ये धरायची, दर दोन-तीन दिवसांनी एक काडी वाढवायची, दिवसातून पाच-सहा वेळा, कित्येक महिने.

तंबाखू आणि मिश्री किमान चार आठवडे आधी बंद. मिश्री लावणाऱ्या बायका 'मी तंबाखू खात नाही' असं सांगतात, आणि तोंडातला छेद उसवतो.

कागदावर 'कॉस्मेटिक' लिहून घेणे

विमा कंपन्या सौंदर्यासाठीचं ऑपरेशन वगळतात, अपघातानंतरची पुनर्रचना वगळत नाहीत. म्हणून अपघाताची तारीख, पहिल्या दवाखान्याचे कागद, दुहेरी दिसणं, तोंड न उघडणं हे सगळं केसपेपरवर आलं पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. सिंधुदुर्गातले लोक बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात), रत्नागिरीतले कोल्हापूर किंवा मुंबईला जातात. कुठेही गेलात तरी चेहऱ्याच्या हाडांचा सर्जन आणि डोळ्यांचा डॉक्टर दोघे एकत्र बघतील अशी जागा निवडा.

घरी परतण्याची घाई

तीन आठवडे नाक शिंकरू नका. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्या. नाहीतर सायनसमधली हवा खोबणीत शिरते आणि डोळा फुग्यासारखा सुजतो. समुद्रात किंवा विहिरीत बुडी मारणं सर्जन परवानगी देईपर्यंत बंद. दुचाकी सहा आठवडे नको, कारण फुल-फेस हेल्मेटची गादी नेमकी त्याच हाडावर दाबते आणि हेल्मेटशिवाय बसणं हा काही पर्याय नव्हे.

पहिले दोन दिवस भरतीच राहा, आणि गणपती तोंडावर आलेत म्हणून पावसात घाट उतरायला निघू नका. त्या डोळ्यात अचानक तीव्र कळ आली, डोळा दगडासारखा टणक होऊन पुढे आला, किंवा समोर धरलेली बोटं मोजता येईनाशी झाली, तर डोळ्यामागे रक्त साठत असू शकतं. अशा वेळी हातात तास-दीड तासच असतो. सकाळच्या राउंडची वाट न बघता नर्सला त्याच क्षणी उठवा.