कोकणकडा तीन तुकड्यांत, पण न मोडता

हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याचा माझा फोटो बैठकीच्या भिंतीवर तीन फोमबोर्डांत लावायचा होता. पहिल्यांदा गिम्प या फोटो-संपादनाच्या प्रोग्राममध्ये फोटोचे सरळ तीन समान भाग केले, छापून आणले आणि एकेक इंच अंतर ठेवून लावले. कड्याची ती अर्धगोल कमान दोन्ही फटींपाशी तुटल्यासारखी दिसू लागली! फार वाईट वाटलं.

चूक अंतराची होती. भिंतीवरची फट हाही चित्राचाच भाग. तेवढा फोटो फटीमागे लपलाय असं धरून तो कापून टाकायचा. प्रत्येक बोर्ड 12 इंच रुंद, म्हणजे फटींसह 38 इंच. इंचाला 150 पिक्सेल धरून फोटो 5700 पिक्सेल रुंद केला. उभ्या गाइड (कुठे कापायचं ते दाखवणाऱ्या रेषा) डावीकडून 1800, 1950, 3750 आणि 3900 पिक्सेलवर टाकल्या, मग 'इमेज' मेनूतलं 'स्लाइस युजिंग गाइड्स'. पाच तुकडे मिळतात. 150 पिक्सेलच्या दोन पट्ट्या सोडून द्यायच्या. (त्या पट्ट्यांत माणसाचा चेहरा येत नाही ना, हे आधी बघाच.)

आता दारातून पाहिलं की कमान डावीकडून उजवीकडे सलग वळत जाते, खिडकीतून डोंगर बघावा तशी.