पत्र्याच्या खोलीत सेस्ना : घरच्या घरी कॉकपिट बांधायचं तर

संगणकावर विमान उडवायच्या सिम्युलेटरसाठी घरात कॉकपिट, म्हणजे वैमानिकाची बसायची जागा, बांधायला घेणारा माणूस सगळ्यात आधी मोठ्या स्क्रीनची चौकशी करतो. माझा सल्ला उलटा आहे : स्क्रीन शेवटी घ्या. आधी सीट, योक (विमानाचं स्टिअरिंग), थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायची मूठ) आणि पेडल (पायांनी नाक डावी-उजवीकडे वळवायला) यांची मापं जुळवा. नजर धावपट्टीवर असताना हात न चाचपडता फ्लॅपच्या, म्हणजे पंखांमागच्या झडपा खाली सोडायच्या, खटक्यावर गेला पाहिजे. एवढं साधलं तर घरातल्या जुन्या टीव्हीवरही लँडिंगला घाम फुटतो. हे साधलं नाही तर तीन-तीन स्क्रीन लावूनही मांडीवर कीबोर्ड घेऊन बसल्यासारखंच वाटत राहतं.

माझा धंदा जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा गावात शेतीपंपाचे स्टार्टर पॅनेल बनवण्याचा. वायर, लग, ड्रिल, लोखंडी पाइप हे रोजच्या हाताखालचं. तुमच्याकडे यातलं काही नसेल तरी अडणार नाही. गल्लीतला सुतार आणि एक सोल्डरिंग आयर्न एवढ्यावर भागतं.

विमान एकच ठरवा. मी सेस्ना १७२ धरून लिहितोय. १९५६ पासून हे विमान बनतंय, आजवर ४४ हजारांच्या वर बनलीत, त्यामुळे त्याची मापं आणि फोटो कुठेही सापडतात. शिवाय एकच इंजिन आणि मोजके खटके. एअरबसचं पॅनेल दिसायला भारी, पण ते हौशी माणसाला दोन-तीन वर्षं सुतारकामातच अडकवतं, उडायचं राहूनच जातं.

सेस्नाची केबिन आतून जेमतेम एक मीटर रुंद असते. दोघं बसले की खांद्याला खांदा लागतो. आपण डावी बाजूच बांधायची. डाव्या भिंतीपासून थ्रॉटलपर्यंत साधारण अर्धा मीटर, त्याच्या उजवीकडे रेडिओपुरती वीतभर जागा. सीट भंगारातली घ्या, कुठल्याही छोट्या गाडीची पुढची, पण खालच्या स्लायडरसकट. महामार्गाच्या कडेला गाड्या तोडणाऱ्यांकडे धुळ्यात अशा सीटचे ढीग दिसतात. स्लायडर असला की घरातल्या उंच-बुटक्या सगळ्यांना तेच कॉकपिट चालतं.

आता प्लाय कापायची घाई करू नका. आपल्याकडे केळीच्या पॅकिंगचे जाड खोके हवे तेवढे मिळतात. ते कापून, चिकटपट्टीने जोडून आधी खोटं पॅनेल उभं करा. सीटवर बसा, डोळे मिटा, योक धरल्यासारखे हात पुढे करा आणि दुसऱ्या कोणाला तरी पेनने तिथे खूण करायला लावा. थ्रॉटल, फ्लॅप, ट्रिमचं चाक (योकवर जोर न लावता नाकाचा कल धरून ठेवणारं), सगळ्याचं असंच. आठवडाभर त्या खोक्यात बसून पाहा. कोपर कुठे अडतं, गुडघा पॅनेलला कुठे लागतो, हे तेव्हाच कळतं. खोक्याला दुसरं भोक पाडायला पैसे पडत नाहीत.

सांगाड्याला इंची चौकोनी पाइप, पॅनेलला १२ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) स्वस्त आणि गुळगुळीत असतं, पण खान्देशात उन्हाळाभर खोलीत कूलर चालतो. त्या ओल्या हवेने एमडीएफच्या कडा फुगतात आणि स्क्रूची पकड जाते. प्लायच्या कडांनाही प्रायमर मारा.

योकवर मात्र वेळ घाला, कारण सगळी मजा त्याच्यात आहे. त्याला दोन हालचाली लागतात, फिरणं आणि पुढे-मागे सरकणं, आणि दोन्ही एकमेकींपासून सुट्या हव्यात. सोपा मार्ग असा : ड्रॉवरचे दोन टेलिस्कोपिक चॅनेल घ्या आणि आडवे न झोपवता बाजूला उभे बसवा, कारण उभ्या कडेवरच ते वजन पेलतात, आडवे लावले की लचकतात. त्यांच्या मधे एक पाटी सरकती ठेवा. पाटीवर दोन बेअरिंग, बेअरिंगमधून २० मिलिमीटरचा पाइप आणि पाइपच्या पुढच्या टोकाला हँडल. पाइप बेअरिंगमध्ये फिरतो, पाटी चॅनेलवर सरकते. फिरण्याचं माप घ्यायला पाइपच्या मागच्या टोकाला १० किलो-ओहमचा पॉट (पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवायचा रेझिस्टर) जोडा. दुकानात ‘बी’ छापाचाच मागा. ‘ए’ छापाचा आवाज कमी-जास्त करायचा असतो. त्याचं माप सरळ वाढत नाही, मग विमान एका बाजूला हळू आणि दुसऱ्या बाजूला झपकन कलतं.

सरकण्याचं माप दोरीने घ्या. माझ्या योकची धाव १५ सेंटिमीटर आहे. पॉट साधारण ३०० अंश फिरतो, मला त्यातले २७० वापरायचे होते, म्हणजे पाऊण फेरा. पाऊण फेऱ्यात १५ सेंटिमीटर दोरी जायची तर पुलीचा घेर २० हवा, म्हणजे व्यास ६.४ सेंटिमीटर. तेवढी लाकडी चकती कापली, कडेला खाच पाडली, मासेमारीचा नायलॉन धागा एक वेढा देऊन दोन्ही टोकं ताणून पाटीला बांधली. उरलेले ३० अंश दोन्ही टोकांना वाटून ठेवा, नाहीतर योक जोरात ओढताच पॉटचा आतला थांबा तुटतो. योक मधे आणायला दोन बाजूंनी दोन स्प्रिंग लावा. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्याही चालतात, पण वैशाखातल्या पत्र्याखाली रबर सैल पडतं.

पेडल सोपी आहेत. मधे खिळलेली एक आडवी दांडी, तिच्या दोन टोकांना दोन पेडल, मधल्या खिळीवर पॉट. एक पाय पुढे गेला की दुसरा मागे आलाच पाहिजे. पंजाने दाबायचे ब्रेक पहिल्या खेपेला सोडून द्या.

हे सगळं ओट्यावर पसरलं होतं तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली, “हाई उडी का रे भाऊ?” उडणार नाही म्हटल्यावर तिने फक्त ओटा कधी मोकळा होणार ते विचारलं.

वायरिंगकडे वळू. खटके आणि पॉट संगणकाला जोडणारा छोटा बोर्ड लागतो, तो आर्डुइनोचा प्रो मायक्रो जातीचा घ्या, ज्यावर एटीमेगा ३२यू४ चिप असते. ही चिप संगणकाला स्वतःच जॉयस्टिक म्हणून ओळख देते. आर्डुइनोच्याच साध्या ऊनो बोर्डाला हे सरळ जमत नाही. बोर्डाच्या अठरा पिनांपैकी नऊ पिनांवर पॉट जोडता येतात. आपल्याला सहाच हवेत : योकचे दोन, पेडल, थ्रॉटल, मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण), ट्रिम. उरलेल्या बारा पिनांची सहा गुणिले सहा अशी जाळी केली की ३६ खटके बसतात. प्रत्येक खटक्याला एक १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) लावायचाच. टॉगल, म्हणजे वर-खाली करायचा खटका, एकदा टाकला की चालूच राहतो. तीन-चार टॉगल एकदम चालू असले आणि डायोड नसले तर न दाबलेला खटकाही दाबल्यासारखा दिसतो.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट. दुकानात पडलेले पंपाचे दणकट स्विच दिसायला विमानाचे वाटतात, मोह होतो. लावू नका. त्यांचे कॉन्टॅक्ट मोठा करंट गृहीत धरून केलेले असतात. प्रत्येक वेळी होणाऱ्या ठिणगीने त्यांच्यावरचा काळा थर जळतो. आपल्या बोर्डाच्या पिनेवर ५ व्होल्ट आणि एक मिलीअँपियरसुद्धा नाही. ठिणगी नाही, थर तसाच राहतो, आणि महिनाभरात लँडिंग लाइट मनाला येईल तेव्हा लागतो. छोटे मिनी टॉगल घ्या. पॉटचा आकडा थरथरत असेल तर मधली पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर टाका. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना नंबरची स्लीव्ह घाला. पाइपचा सांगाडा अर्थिंगला जोडा, हात लावताच झिणझिण्या नकोत.

पॅनेलवरच्या सहा मुख्य घड्याळांसाठी जुना १७ इंची चौकोनी मॉनिटर प्लायच्या मागे बसवा. खऱ्या विमानात ही भोकं सव्वातीन इंचाला जरा कमी, ३ पूर्णांक १/८ इंचाची असतात; तीन-तीनच्या दोन ओळी त्या स्क्रीनवर आरामात मावतात. वर डावीकडून वेग, क्षितिज, उंची. खाली वळण, दिशा, चढ-उतार. एअर मॅनेजर नावाचं सॉफ्टवेअर ही घड्याळं दाखवतं, विकत घ्यावं लागतं. सिम्युलेटरमध्ये फ्लाइटगिअर फुकट आहे, एक्स-प्लेनला पैसे पडतात. थ्रॉटलची मूठ काळी, मिक्श्चरची लाल, हे मात्र पाळा. मुठी थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए प्लास्टिक टाळा. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मे महिन्यात पत्र्याला चिकटून असलेली वस्तू तिथवर सहज पोहोचते. पीईटीजी घ्या.

आता टीव्ही. ३२ इंची टीव्ही ७१ सेंटिमीटर रुंद असतो. डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर ठेवला की साधारण ६० अंशांचं दृश्य मिळतं. सिम्युलेटरमध्येही तोच आकडा भरा, म्हणजे धावपट्टी खऱ्या मापाची दिसते. टीव्हीचा गेम मोड चालू करा, नाहीतर योक हलवल्यावर चित्र उशिरा हलतं.

पहिली चाचणी जळगाव ते धुळे. हवेतून सुमारे ५० नॉटिकल मैल, जवळजवळ सरळ पश्चिमेला. ११० नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) अर्ध्या तासाच्या आत होतं. उजव्या हाताला तापी आणि पलीकडे सातपुडा असला की दिशा बरोबर. वाटेत ट्रिम तपासा : चाक खाली, आपल्याकडे फिरवलं की नाक वर यायला हवं. स्प्रिंगच्या योकची एक खोड लक्षात ठेवा. खऱ्या विमानात ट्रिम केल्यावर योक आहे तिथेच राहतो आणि हातावरचा जोर जातो. आपल्याकडे ट्रिम फिरवता फिरवता योक हळूहळू मधे सोडत आणायचा. शेवटच्या टप्प्यात पूर्ण फ्लॅप ८५ नॉटच्या खालीच टाका आणि ६५ नॉट धरून या. उतरताना एकदाही खाली बघून फ्लॅप शोधावा लागला, तर पॅनेल अजून रंगवू नका. तो खटका उचलून हात जिथे गेला होता तिथे बसवा.