मारणारा स्वतःच पोलीस असेल, तर दाद कुठे मागावी

संशयी आणि मारकुटा नवरा पोलीस खात्यात असेल, तर ‘जवळच्या ठाण्यात जा’ हा नेहमीचा सल्ला घातक ठरू शकतो, कारण त्या ठाण्यात त्याचे सहकारी बसलेले असतात. नवी मुंबई पोलीस दलातील सहायक निरीक्षक अश्विनी बिद्रे एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. त्या स्वतः खात्यातल्या असूनही वरिष्ठ निरीक्षक अभय कुरुंदकर याला अटक व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला, मधल्या काळात त्याला राष्ट्रपती पदकही मिळाले, आणि बिद्रे यांच्या खुनाबद्दल त्याला जन्मठेप सुनावली गेली ती थेट एप्रिल २०२५ मध्ये. म्हणूनच प्रत्येक पाऊल लेखी उचलावे आणि प्रत्येक कागदाची पोच घ्यावी.

मारहाण झाल्यावर सरकारी रुग्णालयात जावे, मार कोणी दिला हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि तशी नोंद करून घ्यावी. ‘पाय घसरून पडले’ असे एकदा कागदावर आले की पुढे न्यायालयात तेच आडवे येते. धमकीचे संदेश ज्या फोनवर आले तो फोन जपून ठेवावा, प्रती माहेरच्या विश्वासू माणसाकडे द्याव्यात. फोन तपासणे, लोकेशन काढणे, कोणाशी बोललीस म्हणून जाब विचारणे हीदेखील छळाचीच लक्षणे आहेत. त्यांच्याही तारखा लिहून ठेवाव्यात.

सर्वांत भरवशाचा मार्ग ठाण्यातून जातच नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ नुसार पीडित स्त्रीला थेट दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि लग्नाविना एकत्र राहणाऱ्या जोडीदारालाही हे संरक्षण आहे. अर्जासाठी याच कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी मदत करतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील देते. पहिली सुनावणी साधारणपणे ३ दिवसांत ठेवावी असे कायदा सांगतो, आणि धोका तातडीचा असेल तर समोरच्याची बाजू ऐकण्यापूर्वीही अंतरिम आदेश मिळू शकतो. त्याने स्वतः किंवा सहकाऱ्यांमार्फत संपर्क साधू नये, असे अर्जात मुद्दाम मागावे. संरक्षण आदेश मोडल्यास १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

गुन्हाही नोंदवायचा असेल, तर हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. नकार मिळाल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, आयुक्तालयाच्या हद्दीत उपायुक्तांकडे. तरीही काही हालचाल झाली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे जावे.

त्याच्याकडे सरकारी पिस्तूल असेल, तर ते जमा करून घ्यावे, अशी विनंती त्याच्या वरिष्ठांना वेगळ्या पत्राने करावी आणि त्या पत्राची प्रत दंडाधिकाऱ्यांपुढील अर्जाला जोडावी. समेटासाठी त्याचे सहकारी घरी आले, तर कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये, आणि वकिलाशिवाय कोणतेही बोलणे पुढे नेऊ नये.