जुलाब थांबले, अशक्तपणा मात्र ओआरएसनंच गेला

मे महिन्यात अंबाजोगाईकडं लग्नाला गेलो होतो. पाणी टँकरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत सात जुलाब झाले. मेडिकलवरून लोपेरामाइड आणली, दोन-दोन मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घेतल्या. दुपारपर्यंत जुलाब थांबले. म्हणजे गोळी काम करते, पण ती आतड्याची हालचाल मंद करते, तेवढंच. उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येत होती, जीभ कोरडी, लघवी गडद पिवळी. अंगातून गेलेलं पाणी आणि क्षार गोळीनं कसे भरून येणार?

आईनं ओआरएसचं पाकीट फोडलं. मी अर्धं पाकीट ग्लासात टाकणार होतो, तिनं हातच धरला. २०.५ ग्रॅमचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण टाकायचं. कमी पाण्यात केलं तर क्षार जास्त होतात. त्यातली साखर चवीपुरती नसते, तिच्याबरोबरच मीठ आणि पाणी आतड्यातून रक्तात जातं. १९७१ साली डॉ. दिलीप महालनबीस यांनी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत याच पाण्यानं कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले.

घोट घोट पीत राहिलो. संध्याकाळी लघवी स्वच्छ झाली, मग ताक-भात खाल्ला.

शौचातून रक्त किंवा जोराचा ताप असेल तर लोपेरामाइड घेऊ नका, अंगावर न काढता दवाखाना गाठा. लहान लेकरांना तर ती गोळी नकोच. त्यांना ओआरएस आणि डॉक्टरांनी सांगितलेलं झिंक द्या; झिंक मात्र जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस.